आधी चाकं काढा!

बायांनो, हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडाल. जन्मात मी चुका काय कमी केल्या? पण भर वाटेत फतकल मारून बसलेली चूक ही एकच!

आमच्या रानाकडं जायच्या वाटेवर जुनी लोखंडी ट्रॉली उभी होती. तळाचा पत्रा गंजून पार चाळण झालेला. भंगारात द्यायची, द्यायची म्हणत राहूनच गेलं. आणि एका सकाळी माझा लेक दत्ता पळत आला.

"आई, तोड आली! उद्या सकाळी कारखान्याचा ट्रॅक्टर येतुया ऊस न्यायला. वाट मोकळी पायजे!"

आता तोडीची पाळी हुकली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला हवं का? ऊस रानात वाळत बसायचा आणि आपण मुकादमाच्या पाया पडत!

झालं. ट्रॉली आजच कापायची! माझ्या अंगात वारंच शिरलं.

दत्तानं ग्राइंडर काढला. माझे धाकटे दीर मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेले. ते म्हणाले, "ग्राइंडर बेकार! करवतीचं पान लावा, शिस्तीत कापू."

"भावजी, तुमच्या शिस्तीनं कापत बसलो तर माझ्या बाराव्याच्या जेवणापतुर कापत ऱ्हावं लागंल!"

ग्राइंडर लावला, तर लाईट गेली. मग मी ठणकावून सांगितलं, "गॅस कटर आणा! मलकापुरात बघितलाय मी. लोखंड कसं, लोण्यावानी कापतंय!"

दत्तानं फोन केला. कटरवाला आला. टाक्या, नळ्या, डोळ्यांवर काळा चष्मा. आग निळी होऊन सूं सूं करायला लागली आणि मी लहान पोरीसारख्या टाळ्याच पिटल्या!

"आजी, कुठनं सुरवात करू?"

बघा, मलाच विचारलं त्यानं! मग मी कशाला मागं राहू?

"आदी चाकं काढा! जत्रंत बकरं कापताना आदी पाय धरत्यात का न्हाई? टायरला झळ बसायच्या आत चाकं उतरवा. मग निजल्याली ट्रॉली कुटं पळून जातीया?"

"वैनी, प्लॅन एकदम पक्का!" सुभेदारांनी शिक्का मारला.

नट गंजून घट्ट बसलेले. एकेक जाळून काढता काढता दुपार कलली. शेवटचं चाक निघालं आणि ट्रॉली धप्पकन बसली! हा धुरळा!

"पडली रं पडली!" मी अशी ओरडले, जणू मीच कुस्ती मारली.

तेवढ्यात कटरची आग फुर्रर्र करून विझली.

"गॅस संपला, आजी. उद्या दुपारी भरून आणतो."

"दुपारी? आरं, सकाळी ऊस जायाचाय माझा!"

दत्तानं आमचा ट्रॅक्टर जोडून ओढून बघितलं. ट्रॉली नांगरासारखी मातीत रुतली. एवढ्यात सून चहा घेऊन आली. तिनं चाकं बघितली, ट्रॉली बघितली, ट्रॅक्टर बघितला. आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, चाकं हुती तवाच ट्रॅक्टरनं वढून बाजूला का न्हाई लावली? परवा तर हिच्यातनं सरपण आणलं आपण."

सुभेदार आभाळ बघायला लागले. दत्तानं चहाच्या कपात तोंड घातलं ते वर काढीचना.

आता रानात जायला दुसरी वाट एकच, माझ्या वांग्याच्या वाफ्यातनं. स्वतः लावलेली, कळशीनं पाणी घातलेली, नुकती कुठं फळं धरलेली काटेरी वांगी! सकाळी कारखान्याचा ट्रॅक्टर आला तशी मीच पुढं उभी राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "घाल बाबा!"

ट्रॅक्टर गेला. मागच्या दोन्ही ट्रॉल्या गेल्या. ऊस भरून पुन्हा त्याच वाटेनं आल्या. वांग्यांचं भरीत जागेवरच झालं, पण ऊस सुटला!

ड्रायव्हर जतकडचा, नवखा. चहाला थांबला. आमच्या बसलेल्या ट्रॉलीकडं बघून हसायला लागला.

"आजी, ऐन वाटंत ही कुणी बसवली ओ? लय हुशार माणूस दिसतुय!"

मी पदर सावरला. सुनेकडं तर बघितलंच नाही.

"हाय गावात एक म्हातारी," मी म्हणाले. "तू च्या पी."