देव न आलेला सिनेमा

"हा देव काऊन येऊन नाही राहिला वो?" माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला विचारत होती. "अर्धा सिनेमा होऊन गेला."

"येईल. आधी रडवतेत, मंग येते," शेजारीण म्हणाली.

मी मांडीवर आरतीचं ताट घेऊन बसले होते. पायाला मुंग्या आल्या होत्या, पण देव प्रकटताच सगळ्यांत आधी उठायचं काम माझं होतं, त्यामुळे हलता येत नव्हतं.

गोंदियाला धानगिरणीच्या मागे टुरिंग टॉकीजचा तंबू पडला होता. फलकावर देऊळ आणि पुजारी रंगवलेले. तेवढ्यावरून आत्याच्या गावच्या, दवनीवाड्याच्या बायकांनी हा देवाचा सिनेमा ठरवून टाकला. देवाच्या सिनेमाला चपला तंबूबाहेर काढायच्या, नारळ सोबत न्यायचा, आणि पडद्यावर देव दिसला की उभं राहून आरती ओवाळायची. ताट माझ्याकडे आलं, कारण नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली भाची ही आत्याची गावात मिरवायची वस्तू होती. शाळेत मी येशूची प्रार्थना म्हणायचे आणि घरी रामरक्षा. दोन्हीकडे आवाज इतका बारीक, की कुठल्याच देवाला तो ऐकू गेला नसावा.

आत्याचा मुलगा, माझा दादा, फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला होता. पावसाळ्यापासून त्याची खबर नव्हती. आत्याने देव पाण्यात घातले होते. तांब्याच्या घंगाळात अख्खं देवघर बुडालेलं. दादाची खबर आली की बाहेर काढायचं. त्या दिवशी बैलगाडीत बसताना ती म्हणाली होती, "आज पडद्यावरच्या देवाले इचारतो. त्यानंही नाही ऐकलं, तं सारे विहिरीत टाकतो." ती थट्टा करत नव्हती.

सिनेमातल्या पुजाऱ्याची मुलगी तापाने गेली होती. तो गाभाऱ्यात बसून मूर्तीला जाब विचारायचा. मूर्ती गप्प. मग नुसती समई जळताना दिसायची. माझ्या शिकलेल्या मनाला हे फार थोर वाटलं. शाळेत ज्याला ट्रॅजेडी म्हणतात ती हीच, असं स्वतःला समजावत मी अंधारात ताटातले बताशे एकेक करून संपवत होते.

रीळ बदलायला दिवे लागले. आत्याने ताटाकडे पाहिलं. "प्रसाद कुठं गेला वं?"

"मुंग्या लागल्या असतील," मी पुटपुटले.

"मुंग्याही इंग्रजी शिकल्या वाटते," मागची बाई म्हणाली, आणि आमची सगळी रांग हसली. आत्या तेवढी हसली नाही.

शेवटी पुजाऱ्याने देवळाचं दार ओढून घेतलं, किल्ली पायरीवर ठेवली आणि तो चालू लागला. पडदा पांढरा झाला. क्षणभर कोणाला कळेचना की संपलं. मग पुरुषांच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला, "पैसे वापस! भगवान कहाँ है?"

"इसमें भगवान का पार्टच नहीं है!" मशीनवाला वैतागून ओरडला.

बायका कुरकुरत चपला शोधायला गेल्या. आत्या जागची हलली नाही.

"तू शिकली हायस," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "सांग मले. येईल का तो?"

अशा वेळी द्यायची उत्तरं माझ्याकडे नेहमी तयार असतात. धीर धर. हा तर नुसता सिनेमा. ती स्वच्छ, इस्त्री केलेली वाक्यं असतात. त्यांच्यामागे उभं राहिलं की कोणी जवळ येत नाही. दादाने मला सायकल शिकवली होती. नागपूरला पोस्टमन आला की मी हातातलं पुस्तक उघडंच ठेवून जिन्यावर जायचे, आणि कोणी पाहिलंच तर मैत्रिणीच्या पत्राची वाट पाहतेय असं सांगायचे. आत्याला वाटायचं, हिला फारसं काही वाटत नाही. तसं वाटू देण्यात मी तरबेज होते.

"ताट दे," आत्या उठत म्हणाली. "घरी गेल्यावर घंगाळ विहिरीत रिकामं करतो."

मी ताट सोडलं नाही. ती ओढत होती, मीही ओढत होते, आणि नारळ घरंगळत पुरुषांच्या बाजूला गेला. मग तोंडातून निघालं ते तंबूभर ऐकू जाईल एवढं मोठ्याने निघालं.

"मले नाही मालूम, आत्या! पण नको टाकू. मी बी वाट पाहून राहिली."