अक्का, तंगी आणि माझा पहिला बोर्ड

मंडळी, सल्ला हवाय म्हणून लिहितेय.

नोकरी सोडून घरूनच डिझाइनची कामं घ्यायला लागले, त्यातला माझा पहिला बोर्ड आज सकाळी आमच्या कर्नाटकातल्या गणेशगुडीत लागला. दोघी बहिणींची नवी खानावळ. नाव त्यांनीच दिलेलं, 'अक्का-तंगी'. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. आम्ही जोयड्याकडचे मराठी बोलतानाही तसंच म्हणतो, त्यामुळं मला काही खटकलंच नाही. वर कन्नड, खाली मराठी, अक्षरं अगदी जीव ओतून बसवली होती.

पूजेचा नारळ फुटायच्या आत राफ्टिंगला आलेली पुण्याची गाडी थांबली. एकानं मराठी ओळ वाचली आणि मोठ्यानं म्हणाला, "खानावळीतच तंगी? मग आपल्याला काय मिळणार!" सगळे हसले आणि गाडी निघून गेली.

अक्कांचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता काढ त्यो शब्द. पयल्याच दिवशी गिऱ्हाईक परत गेलं."

 मी घाईघाईनं म्हटलं, "अक्का-धाकटी असं करून देते."

तेवढ्यात तंगी पिठाच्या हातानंच बाहेर आली. "मला कुणी कधी धाकटी म्हटलंय व्हय? बोर्डावर ती कोण बाई?"

अक्कांनी ते माझ्यावरच सोडलं.

संध्याकाळपर्यंत नवी फाईल द्यायचीय. लॅपटॉपवर तो शब्द निवडून बसलेय, बोट डिलीटवर आहे. सांगा, पुसू का? आणि पुसला, तर उद्या तिला हाक काय मारू?