बाईंचा चहा
विशेष मुलांना घरी येऊन शिकवणाऱ्या एक बाई दर गुरुवारी आमच्याकडे कोल्हारला येतात. माझी सारा बोलत नाही, तिच्यासाठी. स्कूटी लावली, स्कार्फ सोडला, की माझ्याशी न बोलता त्या थेट तिच्यासमोर फरशीवर बसतात. तिला काही विचारलं की मग गप्प राहतात. ते गप्प राहणं मला सोसत नाही. मीच उत्तर देऊन टाकते, आणि बाई माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. सुरुवातीला मला त्या शिष्टच वाटायच्या.

परवा मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी साराला विचारलं, "घेऊ का गं मी चहा?" आणि थांबल्या. सारा खिडकीकडे बघत होती. चहावर साय धरली.

"प्या वो बाई, गार व्हतोय," सासूबाई म्हणाल्या. "ती न्हाई बोलायची."

"तिला विचारलंय ना, आजी."

बऱ्याच वेळानं सारानं एका बोटानं कपबशी बाईंकडे सरकवली.

मी गरम चहा आणायला उठले, तर बाईंनी माझा हात धरला.

"बसा ताई. हा तिनं दिलाय."

आणि तो गार चहा त्यांनी सायीसकट संपवला.