आत्याचा आंबा आणि आमचं तेराशे सालचं घराणं

आमचं घराणं किती जुनं, असं कुणी पाव्हण्यानं विचारलं की घरातली सगळी माझ्याकडं बघून हसतात. बायको तर चहाचा कप खाली ठेवून हसते. त्याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय आत्याची गोष्ट पुरी होत नाही.

मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात सहकारी साखर कारखान्याचं वारं शिरलं होतं. कारखान्याची एक वीट अजून रचली गेली नव्हती, पण लोकांच्या डोक्यात गाळप सुरू झालं होतं. आमच्या वडलांना, म्हणजे दादांना, सभासद व्हायचं होतं. अडचण एवढीच, की जमीन अजून माझ्या पणजोबांच्या नावावर होती. ते जाऊन दोन पिढ्या झाल्या, तरी तलाठ्याच्या दप्तरात ठणठणीत होते. पणजोबांनी वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, केली होती आणि ती धाराशिवच्या कोर्टात शाबीत झाली होती, एवढं दादांनी ऐकलेलं. मी नुकताच बी.ए. होऊन घरात बसलो होतो. रिकाम्या माणसाला कोर्टाचं काम, या न्यायानं वसीयतीची नक्कल काढून आणायचं माझ्या गळ्यात पडलं.

दादांनी आणखी एक ठरवलं होतं. बांधावरच्या जुन्या आंब्याची सावली उसावर पडणार, म्हणून तो तोडायचा. लाकडाच्या व्यापाऱ्याला शब्दही देऊन टाकला होता.

हे आत्यानं ऐकलं. आत्या म्हणजे पणजोबांची लेक, माझ्या आजोबांची धाकटी बहीण. दादांची आत्या, म्हणून घरातल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांचीच आत्या. येरमाळ्याकडं दिली होती. नवरा लवकर गेला, आणि ती माहेरी आली ती कायमचीच. इतक्या वर्षांत तिला ऐसपैस बसलेली कुणी बघितली नव्हती. कायम उकिडवी, भिंतीला पाठ न टेकता, आत्ता कुणी ऊठ म्हणेल अशी. काही विचारलं की, "म्या काय बाबा, पाव्हनी."

एका आंब्यापुरती तेवढी ती पाव्हणी नव्हती. दुष्काळात गावात टँकर यायचा तेव्हा भांडी विसळलेलं पाणी ती बादलीत साठवायची आणि बांधावर नेऊन ओतायची. आई वैतागून म्हणायची, "आत्या, माणसाला तोंड धुवायला न्हाय, अन् तुमी झाडाला न्हाऊ घालताव?"

"माणसाला मागायला तोंड तरी हाय," आत्या म्हणायची आणि बादली उचलायची.

मी धाराशिवला निघालो त्या सकाळी ती एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्यामागं आली. भाकरीचं फडकं हातात दिलं आणि इकडंतिकडं बघून म्हणाली, "कागद गावला तर त्यात आंब्याचं काय हाय का बघ. आंबा तुझा म्हणून बाप बोलला हुता. तोंडानं बोलला. लिवलं का न्हाय, ठाव न्हाय."

"मग दादांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं, अन् कागदात नसलं तर? बाप खोटा पडंल माझा." एसटी आली. मी चढलो तशी ती खिडकीखाली येऊन म्हणाली, "नसलं तर मला सांगू नगंस. कागदच गावला न्हाय म्हन."

कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते छतापर्यंत गेले होते. कारकुनानं साल विचारलं. एकोणीसशे तीसच्या आगंमागं, असं मी सांगितलं. "त्या सालाचं इथं काय न्हाय," तो म्हणाला. "तेराशेच्या वरचे बस्ते हायेत, बगा. आज नको, परवा या." मी चिठ्ठ्यांवरचे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. तेराशे आणि वर काहीतरी! म्हणजे यादवांच्या पडत्या काळात आमचे कागद होत होते!

ही बातमी मी एसटीतच दोघांना सांगितली. गावात उतरल्यावर पारावर सांगितली. आपलं घराणं साधं नाही, जहागीर असणार, कदाचित किल्लेदारीही, असंही सांगितलं. त्या पाऊण तासात आमच्या पूर्वजांनी दोन लढाया मारल्या. दादा मागं उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "किल्लेदारसाहेब, ते निजामाचं फसली साल हाय. त्यात सहाशेला थोडं कमी मिळवा, म्हंजे तुमच्या पणजोबापाशी येताव."

पार अर्धा तास हसत होता. पुढं कितीतरी दिवस पोरं मला 'तेराशे' म्हणायची.

परत गेलो. अर्ज, कोर्टाचं तिकीट, हेलपाटे करून एकदाची नक्कल हातात पडली, आणि बघतो तो सगळी उर्दू! निजामाच्या कोर्टाचं काम उर्दूतच चालायचं, हे मला ठाऊक होतं, पण तसं मला पुष्कळ ठाऊक असतं. येताना सगळा रस्ता मी कागद मांडीवर ठेवून बघत होतो. यातल्या कुठल्यातरी वेलांटीत आत्याचं झाड असेल किंवा नसेल, आणि मला दिसत नव्हतं.

ती दारातच होती. "हाय?"

"आत्या, उर्दूत हाय."

"मग तुला बी.ए. कशाला केलं?" ती म्हणाली, पण नजर कागदावरच होती.

दादांची शाळा निजामाच्या काळातली, सगळी उर्दूतून. दिवेलागणीला ते चष्मा लावून बसले आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले. जमीन मुलाला. बैलजोडी मुलाला. एक तांब्याचं घंगाळ. एक घोंगडी, बऱ्या अवस्थेतली. जहागीर कुठंच नव्हती. मी घोंगडीपाशीच खचलो.

आत्या उंबऱ्याशी उकिडवी बसली होती.

दादा वाचता वाचता थांबले. तीच ओळ परत मनात वाचली. मग हळू म्हणाले, "बांधावरचा आंबा माझ्या मुलीचा. फळ तिचं, सावली तिची. ती सासरी सुखात असली तर दर साल आंबे तिच्या घरी पोचते करावेत. माघारी आली तर कुणी तिला झाडाखालून ऊठ म्हणू नये."

दादांनी पुढचं पान उलटलं. वसीयत शाबीत करताना कोर्टानं आजोबांचा जबाब घेतला होता. "बहिणीचं झाड मला कबूल आहे," दादांनी वाचलं. खाली आजोबांचा, म्हणजे आबांचा, अंगठा होता. याबद्दल ते आयुष्यात घरी एका शब्दानं बोलले नव्हते.

दादांनी चष्मा काढला. "आत्या, आबा बोलले न्हाईत कधी."

"इसरला आसंल," आत्या म्हणाली. "परपंचात इसरतं मानूस." मग डोळ्याला पदर लावून स्वतःशीच पुटपुटली, "लिवलं हुतं. बापानं लिवलं हुतं."

सकाळी दादा व्यापाऱ्याकडं जाऊन शब्द मोडून आले. ऊस लावला तो आंब्याची सावली सोडून.

आमच्याकडं जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं, हे चालत आलेलं आहे. आंबे उतरवले की पहिला ढीग झाडाच्या धन्यासमोर लागतो, आणि तो देईल तो ज्याचा त्याचा वाटा. त्या उन्हाळ्यात दादांनी झाडाखालीच पहिला ढीग आत्यासमोर लावला. आजवर तिच्या वाट्याला खाली पडून फुटलेले आंबे यायचे. तिनं एकेक आंबा उचलून, हुंगून वाटे घातले. दादांना, आईला, शेजारणीला. माझ्या वाट्याला एक सुरकुतलेला आला.

"आत्या, हा कसला?"

"ह्यो जुना हाय," ती म्हणाली. "तेराशे सालचा. घराण्याला शोभंल."

सगळी हसली. तीही हसली, आणि हसता हसता मागं सरकून तिनं बुंध्याला पाठ टेकली. मग दोन्ही पाय लांब पसरले.