भिंतींआधीचं दार

आमच्या गल्लीत आग लागली ती कडब्याला, आणि दोष आला दाराला. कसा, ते सांगतो.

चंद्रव्वाचं घर मिलकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दोन खण जागा, वर मातीचं माळवद आणि रस्त्याकडं तोंड करून एकच दार. नवरा बसलिंगप्पा साथीत गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. माहेरचे न्यायला आले, तर तिनं त्यांना पोटभर जेवू घालून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवसापासून दारात बसून कडक भाकरी विकायला लागली. पापडासारखी पातळ, महिनाभर न विटणारी ज्वारीची भाकरी आणि वर शेंगाची चटणी. पाळीला निघालेला कामगार चालता चालता ती फडक्यात बांधून घ्यायचा. चालता चालता, हे महत्त्वाचं. भोंग्याच्या धाकानं निघालेला माणूस भाकरीसाठी आडबोळात वळत नाही. त्याला भाकरी वाटेतच भेटावी लागते.

भाकरी कडक होती, जीभ त्याहून. एखाद्यानं भाकरी उलटसुलट करून न्याहाळली, की ती म्हणायची, "खायाची हाय का सोयरीक जमवायची हाय?"

सत्तावीस सालच्या चैत्रात, भर दुपारी, मागच्या परसात रचलेली कडब्याची गंजी पेटली. गंजी तिच्या दिराची, महादेवप्पाची. तो शेजारच्याच घरात राहायचा, कडब्याचा आणि सरकीचा व्यापार करायचा, आणि जेवण झालं की त्याच गंजीच्या सावलीला बसून बिडी ओढायचा. ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती, म्हणूनच कुणी बोललं नाही. वारं फिरलं ते नेमकं चंद्रव्वाच्या घरावर. तुळया जळाल्या, माळवदाची माती धाडदिशी खाली आली आणि त्या मातीनंच आग दाबली. आम्ही गल्लीकर घागरी घेऊन पोचलो तेव्हा विझवायला फारसं काही उरलं नव्हतं. पण आणलेलं पाणी परत कसं न्यायचं? ओतलं. त्या पाण्यानं, तोवर उभी असलेली पुढची भिंतसुद्धा बसली.

चंद्रव्वा वाचली, तवा वाचला, आणि दाराची सागवानी चौकट, एका अंगानं कोळसा झालेली, ढिगाऱ्याखाली सापडली.

दुसऱ्या दिवशी लोकांनी लुगडी आणली, भांडी आणली आणि सल्ले आणले. चंद्रव्वानं लुगडी आणि भांडी ठेवून घेतली. सल्ला तसा एकच होता, तोंडं तेवढी निरनिराळी. दार दक्षिणेला होतं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आधी नवरा गेला, आता घर गेलं. दार फिरव.

महादेवप्पा तर सगळा बेत ठरवूनच आला.

"वैनी, मागं बोळाकडनं दार काढू. उत्तरेला तोंड हुतंय. पुढची भित सलग घेऊ, आन् रस्त्याच्या अंगाला मी कडब्याला एक पडवी टाकतो. तुमाला बी राखण हुईल."

"कुणाची राखण, भावजी? कडबा मला राखणार?"

"तसं न्हवं. लोक काय म्हंत्यात बगा की. दक्षिणेचं दार लई वंगाळ..."

"दारानं बिडी वडली न्हवती."

महादेवप्पाला एकदम खोकला आला आणि तो खोकत खोकतच घरी गेला. पण गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता. निंगप्पा गवंडी हा आमच्या बाजूचा सगळ्यात चांगला हात, आणि तितकाच भित्रा. महादेवप्पा त्याच्याशी काय बोलला ते देव जाणे, पण चंद्रव्वानं बोलावलं तेव्हा तो लांबूनच म्हणाला, "अक्का, दक्षिणेच्या दाराला मी थापी लावणार न्हाय. मला लेकरंबाळं हायती. दार फिरवा, उद्याच्याला येतो." निंगप्पानं नाही म्हटल्यावर दुसरा गवंडी कशाला हो म्हणतोय?

मृग महिन्यावर आला होता. बोळात दार म्हणजे भाकरी बंद, आणि भाकरी बंद म्हणजे महादेवप्पाच्या घरात एक पाट, एक कोपरा आणि जन्मभर "वैनी, जरा सरा की तिकडं." चंद्रव्वा कुणी सरा म्हटलं म्हणून सरणारी नव्हती.

तिनं कासोटा मारला, माळवदाची पडलेली माती चाळली, भुस्सा घालून चिखल तुडवला आणि स्वतःच भिंत घालायला लागली. चार दिवसांत भिंत गुडघ्याएवढी झाली आणि पाचव्या दिवशी रस्त्याकडं झुकून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करायला लागली. आम्ही हसलो. चंद्रव्वानं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि हात धुऊन मठात गेली.

पुनवेचं प्रवचन चाललं होतं. आमच्या मठाचे शिवयोगी स्वामी बोलायचे फार गोड. शिव दाही दिशांत भरून उरला आहे, खऱ्या भक्ताला मुहूर्त नाही की दिशा नाही, असं ते दर पुनवेला सांगायचे. अक्कलकोटला जाताना मात्र पंचांग उघडून निघायचे, पण ती वेगळी गोष्ट. प्रवचन संपलं आणि बायकांतून चंद्रव्वा उठून उभी राहिली.

"स्वामी, एक शंका हाय."

"विचार की, यव्वा."

"शिव दाही दिशांत हाय म्हणला. दक्षिणेला बी असतो, का तितनं रजेवर गेलाय?"

मठात हशा उसळला. पुढच्या रांगेतला महादेवप्पा डोक्यावरचा पटका नीट करू लागला. तो मुळीच वाकडा झाला नव्हता. स्वामींनी इकडंतिकडं बघितलं. सगळा मठ उत्तराची वाट पाहत होता.

"असतो," स्वामी म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

"मग रविवारी माझी चौकट उभी करायला या. भस्म तुमच्या हातानं लागू द्या."

"भिंती कुठवर आल्या?"

"भिती न्हाईत. आदी दार."

रविवारी मिलला सुट्टी. तिच्या हातची भाकरी खाऊन साचे चालवणारे चौघे आले आणि त्यांनी चौकट उचलली. जळकं अंग तिनं खुरप्यानं खरवडून, तेल पाजून काळंभोर केलं होतं. पायात दगड घातले, दोन्ही बाजूंनी टेकू दिले. स्वामींनी भस्म लावलं, बेल वाहिला, नारळ फुटला. हळदीकुंकवाचं ताट कुणीतरी शेजारच्या सवाष्णीच्या हातात देऊ लागलं, तर चंद्रव्वानं ते मधल्यामधे घेतलं.

"ज्यांना हौस आसंल त्यांनी आपापल्या दाराला लावा. हे माझं हाय."

बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. स्वामी बेलाची पानं मोजत राहिले. तिनं उंबऱ्याला कुंकू लावलं.

सोमवारी आम्ही बघितलं ते असं: मोकळ्या जागेत एक दार उभं. डावीकडं तिची ती गुडघाभर वाकडी भिंत, उजवीकडं काही नाही, मागं आभाळ. आणि उंबऱ्याच्या आत चूल मांडून चंद्रव्वा भाकऱ्या थापतेय. एक पद्मशाली विणकर घाईत होता, तो सरळ मोकळ्या बाजूनं तिच्या चुलीपाशी आला.

"भित दिसत न्हाय का रे? दारातनं ये."

त्यानं हवेकडं बघितलं. "चुकलं, अम्मा," म्हणाला, मागं फिरला, वळसा घालून दारापुढं आला आणि हात पुढं केला. त्या दिवसापासून बाजूनं यायची कुणाची छाती झाली नाही.

महादेवप्पानं अजून एक प्रयत्न केला. निंगप्पाला दोन गडी देऊन पाठवलं: नुसत्या टेकूवरची चौकट आहे, काढा आणि मागं बसवा. निंगप्पा आला. त्यानं भस्म बघितलं, उंबऱ्यावरचं कुंकू बघितलं आणि हातातली पहार खाली ठेवली.

"पुजलेली चौकट उपटू मी? काय येडा हाय का?"

"मग जा की घरला," चंद्रव्वा म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता.

"जाऊ कसा? पुजलेली चौकट बिनभितीची. वाऱ्यावावधानात पडली, तर बगून गेलेल्या गवंड्याला लागतंय ते."

"काय लागतंय?"

"लागतंय कायतरी."

"मग लागायच्या आत भित लाव."

निंगप्पानं डोकं खाजवलं. यम लांब दक्षिणेला होता. चौकट हातभरावर होती. त्यानं गड्यांना चिखल करायला सांगितलं, ओळंबा काढला, आणि पहिलं काम केलं ते तिची गुडघाभर भिंत पाडायचं.

"ही कुणी बांदली हो, अक्का?"

"वाऱ्यानं."

तिच्या माहेरहून कडुलिंबाच्या तुळया आल्या. मृगाच्या तीन दिवस आधी माळवदावर मातीचा शेवटचा थर बसला.

घरभरणीच्या जेवणाला सगळी गल्ली होती, आणि तिनं दिरालाही बोलावलं होतं. निंगप्पानं आपल्या शब्दाखातर मागं एखादं दार ठेवलंच असेल, या भरवशावर महादेवप्पा परसातून आला आणि मागच्या भिंतीशी थबकला. दार नव्हतं, खिडकी नव्हती, झरोकासुद्धा नव्हता. आतून पंगतीचा आवाज येत होता. तो भिंत चाचपत दोनदा इकडून तिकडं गेला.

"वैनी! अवं वैनी! आत यायाचं कुटनं?"

"दार हाय तितंच हाय की, भावजी," आतून आवाज आला. "या फिरून."

बोळातून बाहेर, कोपऱ्यावरून वळून, भर रस्त्यानं, ओळखीच्या माणसांसमोरून त्याला यावं लागलं. चौकट ठेंगणी होती. तो पटका सांभाळत वाकला आणि आत येऊन पाटावर बसला. भाकरी तीनदा मागून घेतली. हात वाळत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "चौकटीला अजून जळका वास येतोय, वैनी."

"यीऊ द्या की," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी चटणी वाढली.