हंडीतलं मीठ

रोहू माशाला माणसाची नजर लागते, असं माझ्या सासूचं पक्कं मत होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

माझं लग्न झालं त्याच वर्षी सासऱ्यांनी घरामागच्या बोडीसाठी, म्हणजे लहान तळ्यासाठी, कलकत्त्याकडचं मत्स्यबीज मागवलं. चांद्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलबंडीने, मातीच्या हंडीतून नखाएवढी पिल्लं आली. बघायला सगळं गाव लोटलं. सासूने मूठभर मीठ हंडीवरून ओवाळलं. ते चुलीत टाकायचं असतं. पण दारात ही गर्दी, आत जाणार कोण? तिने ते हंडीतच सोडलं.

थोड्या वेळात पिल्लं कलंडू लागली. नजर लागलीच, असं जो तो म्हणू लागला. दीर हंडी उचलून थेट बोडीत उपडी करायला निघाला. बीज मेलं तर बोडी रिकामी राहणार आणि खापर नव्या सुनेच्या पायगुणावर फुटणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझा संताप झाला. पदर खोचून मी त्याच्या आडवी उभी राहिले.

"हंडीले कोनी हात लावू नका," मी म्हणाले आणि सासूकडे वळले. "आत्याबाई, कैरीले मीठ लावलं का पानी सुटते ना? यायच्या आंगातलं पानी तसंच सुटून राह्यलं. आता एकदम गोड्या पान्यात टाकाल त सोसनार नाई."

मोठ्यांपुढे तोंड उघडलं म्हणून सासरे रागावले. मी हंडीतलं थोडं पाणी काढत गेले, बोडीचं थोडं ओतत गेले.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सारखं शिरत असतं. तो ते मुतून टाकतो आणि कल्ल्यांनी मीठ ओढून घेतो. बाहेरचं पाणी फार खारट झालं की सगळंच उलटतं, अंगातलं पाणी बाहेर जातं. सावरायला त्याला वेळ द्यावा लागतो. हे मला मत्स्यखात्याच्या माणसाने फार पुढे सांगितलं. त्या दिवशी माझ्याकडे फक्त लोणचं होतं.

बरीच पिल्लं मेली, पण संध्याकाळपर्यंत उरलेली सरळ पोहू लागली.

पुढच्या वर्षी बंडी आली तशी सासू पुन्हा मूठ भरून बाहेर आली. मी हंडीच्या तोंडावर दोन्ही हात ठेवले. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मीठ माझ्यावरूनच ओवाळलं.

"नजर तुलेच लागन," ती म्हणाली आणि आत गेली.

चुलीत मीठ तडतडलेलं ऐकू आलं, तेव्हाच मी हात काढले.