हॉलची गोल भिंत

साल दोन हजार दहाच्या आगेमागे विचुंब्यात नवं घर बांधलं. हॉलची एक बाजू अर्धगोल करायची, हा हट्ट माझा. खारघरला कुणाच्या तरी बंगल्यात तशी भिंत पाहिली आणि डोक्यात किडा वळवळला. गवंडी म्हणाला, "शेठ, सरळ ठेवा." ऐकेन तर शपथ!

माझी आई धवलारीण, म्हणजे आमच्याकडच्या लग्नात विधींची गाणी म्हणणारी. ना ढोलकी, ना पेटी, नुसता गळा. गावातल्या किती पोरी तिच्या गाण्यावर सासरी गेल्या. आता माझ्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि आई हॉलच्या मधोमध बसून गाताना सारखी अडखळत होती.

"माजा आवाज माज्याच अंगावर येतो," ती म्हणाली. "पुढचं सुचत नाय."

मला एका जागी बसवेना. पाहुण्यांसमोर अडली तर? खरं सांगतो, आईच्या काळजीपेक्षा मला माझ्या अब्रूची जास्त पडली होती. शेवटी भिंतीच्या एका टोकाला बायकोला गाठून कुजबुजलो, "हिचं वय झालं. दुसरी धवलारीण बोलवू. हिला आयत्या वेळी सांगू."

आई पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"उलव्याची नको. तिला अर्धी गाणी येत नाय. बेलपाड्याची आन."

इतकं हळू बोललेलं हिला ऐकू गेलं कसं? टाळ्या वाजवत, भिंतीला कान लावत दिवसभर येडपटासारखा फिरलो, तेव्हा कुठं कळलं. गोलाईवरून कुजबूज घरंगळत या टोकाची त्या टोकाला जात होती, आणि मधे बसून गाणाऱ्याचा आवाज गोळा होऊन त्याच्यावरच उलटत होता. आईचा गळा होता तसाच होता. माती मी खाल्ली होती.

"आई, चूक भिंतीची गं. तू अंगणात गा," मी विनवलं. तिनं सूप ओढलं आणि तांदूळ निवडत राहिली. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

हळदीला मात्र ती उठली, अंगणातल्या मांडवात बसली आणि गायली. एक शब्द अडला नाही. मला रडूच फुटलं. गाणं संपल्यावर जवळ जाऊन म्हटलं, "आई, काय गायलीस! तुझ्यासारखं कुणाला जमायचं नाही."

तिनं हॉलकडे बोट केलं.

"जा, त्या भिंतीपाशी जाऊन बोल. तितं तू खरं बोलतोस."